शब्द राहिले, चाल गेली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. भुसावळ हे गाव खानदेशात असले तरी रेल्वेच्या चाळींमध्ये सगळा हिंदुस्थान राहायचा. आमच्या उजव्या हाताला एक तमिळ कुटुंब होते. त्या घरातल्या बाईंना सगळी चाळ ‘मामी’ म्हणायची. मामींची मुलगी संध्याकाळी दिवेलागणीनंतर जमिनीवर मांडी घालून बसायची, व्हायोलिनचे एक टोक छातीशी आणि दुसरे पायाच्या घोट्यावर टेकवायची आणि रियाज करायची.

एकदा ती एक नवीच चाल वाजवीत होती. आमचे आबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते. पाय धुता धुता ते थबकले आणि ओल्या पायांनीच मामींच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, “अहो मामी, हे तर इंग्रजांच्या राजाचे गाणे! आम्हाला शाळेत सरळ उभे राहून म्हणावे लागायचे. स्वराज्य येऊन इतकी वर्षे झाली, पोरीला हे कशाला शिकवता?”

मामी हसल्या. त्यांच्या हिंदी-मराठी मिसळीच्या भाषेत म्हणाल्या, “तुमच्या शाळेत राजाचे असेल. आमच्याकडे हे देवीचे आहे.” आणि त्यांनी तीच चाल संस्कृत शब्दांत म्हणून दाखवली. आबांना काय बोलावे सुचेना. परत येऊन ते माझ्या आईला एवढेच म्हणाले, “या लोकांनी राजाला हाकलून देवी बसवली.”

ते गीत होते ‘संततं पाहि माम्’. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक असलेल्या मुत्तुस्वामी दीक्षितांची रचना. चाल ब्रिटिशांच्या राष्ट्रगीताची, शब्द संस्कृत, आणि आळवणी संगीताची देवी श्यामला हिची. पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळले, की दीक्षितांनी अशा सुमारे चाळीस रचना केल्या आहेत. त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. इंग्रजी ‘नोट’ या शब्दाला तमिळ वळण मिळून ‘नोट्टु’ झाले. यातल्या काही चाली इंग्लंडच्या, काही स्कॉटलंडच्या, एखादी फ्रान्सची. आणि ‘वंदे मीनाक्षी’ ही रचना आयरिश चालीवर बेतली असल्याचे अभ्यासक सांगतात.

आयर्लंडची चाल आणि मदुरेची मीनाक्षी! आज जपानपासून अमेरिकेपर्यंत आयर्लंडचे पारंपरिक संगीत हौसेने वाजवणारी माणसे आहेत. त्यांचा त्या बेटाशी रक्ताचा संबंध नसतो. पण आपल्या देशात हे दोनशे वर्षांपूर्वीच घडून गेले होते, हे आपल्याला फारसे ठाऊक नाही. एखादी चाल आपले घर सोडून परक्या घरात कशी नांदते, आणि एखादी चाल स्वतःच्याच घरात कशी मरते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रथम ही चाल दक्षिणेत आली कशी ते पाहू. दीक्षितांचा जन्म तिरुवारूरचा, अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकातला. त्यांच्या तरुणपणी हे कुटुंब मद्रासजवळच्या मणलीच्या मुदलियार जमीनदारांच्या आश्रयाला होते. कंपनी सरकारशी या घराण्याची उठबस होती. सेंट जॉर्ज किल्ल्यात गोऱ्यांचा बँड वाजायचा, तो ऐकायला मुदलियार या भावांना घेऊन जात, असे परंपरा सांगते. धाकटे भाऊ बालुस्वामी यांना तर एका युरोपीय शिक्षकाकडून व्हायोलिन शिकवण्यात आले. तेच वाद्य पुढे कर्नाटक संगीतात असे रुजले, की आज त्याच्याविना तिथली मैफल उभी राहत नाही. मामींच्या मुलीच्या घोट्यावर टेकलेले व्हायोलिन त्या वाटेने आले होते.

थोरल्या भावाने वाद्य नाही घेतले, चाली घेतल्या. त्या सगळ्या शंकराभरणात, म्हणजे आपल्याकडच्या बिलावलच्या सुरांत बसणाऱ्या होत्या. सगळे स्वर शुद्ध. मींड नाही, आंदोलन नाही, शिपायासारखे सरळ पावले टाकणारे सूर. दीक्षित हे संथ, गंभीर, विलंबित रचनांसाठी प्रसिद्ध. अशा माणसाने बँडची उडती चाल हलकी मानून सोडून दिली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी तसे केले नाही. तिच्या प्रत्येक सुरावर एकेक अक्षर बसवले आणि आपली ‘गुरुगुह’ ही नाममुद्राही घातली. आजही दक्षिणेतली लहान मुले गाणे शिकताना यातली एखादी रचना आधी शिकतात, कारण ती तोंडात सहज बसते.

पण इंग्रजांच्या किल्ल्यातल्या बँडमध्ये आयरिश चाल कुठून आली? याचे उत्तर सैन्यात आहे. आपण सगळ्या गोऱ्यांना सरसकट इंग्रज म्हणतो. पण १८३०च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातल्या दर दहा शिपायांत चार आयरिश होते. घरी जमीन नाही, पोटाला बटाट्याशिवाय काही नाही, म्हणून ज्यांनी आपला देश जिंकला त्यांच्याच पलटणीत ही पोरे भरती होत. आणि शिपाई कुठेही गेला तरी त्याच्या पिशवीत नसलेली एक गोष्ट बरोबर जातेच, ती म्हणजे गावाकडची चाल.

खानदेशच्या वेशीवरचेच एक उदाहरण सांगतो. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेले, की पुढे जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव लागते. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. पराभव करणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा जन्माने डब्लिनचा. त्याचे वडील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक होते. स्वतः वेलस्ली तरुणपणी चांगले व्हायोलिन वाजवायचा. पण लष्करात नाव काढायचे तर हा नाद नको, म्हणून १७९३ साली त्याने आपले व्हायोलिन जाळून टाकले. एका आयरिश घरातले व्हायोलिन असे विझले आणि त्याच सुमाराला मद्रासकडे एका तमिळ मुलाच्या हाती व्हायोलिन येण्याचे दिवस जवळ येत होते.

ज्या वर्षी असईची लढाई झाली, त्याच १८०३ साली दूर तंजावरात बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरचे राज्य घेतले, ते पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मराठ्यांकडे राहिले. आमच्या पिढीला या राज्याची ओळख धुळ्यामुळे झाली. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरही आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे गोळा करून आणली, जपली. समर्थांचे शिष्य भीमस्वामी तंजावरात मठ करून राहिले होते, हे मी धुळ्यातच प्रथम वाचले. तापी-पांझरेच्या काठावर बसून कावेरीकाठची मराठी वाचायला मिळते, ही देवांसारख्या माणसांची पुण्याई.

असा शिलालेख कोरवणारे राजे सरफोजी दुसरे. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला तेवढा उरला. दुसरा कोणी असता तर शिकार आणि मेजवान्यांत दिवस घालवता. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, शस्त्रक्रिया आणि नेत्रविद्येची पुस्तके जमवली, जगाच्या भूगोलावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नृत्यनाट्य रचले. आणि आपल्या दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँडही ठेवला. त्याच दरबारात नृत्य आणि संगीताची नवी घडी बसवणारे ‘तंजावरचे चार बंधू’ होते, आणि ते दीक्षितांचे शिष्य. मराठी राजा, तमिळ कलावंत, तेलुगू आणि संस्कृत पदे, युरोपची वाद्ये. कोणाचे काय, हा हिशेब तिथे कोणी केला नाही. चाल चांगली आहे का, आणि ती आपल्या देवापुढे, आपल्या दरबारात शोभेल का, एवढेच पाहिले गेले.

आता यातली गंमत पाहा. त्या परक्या चालीवरचे मूळ शब्द दक्षिणेत पोचले नाहीत. ते कोणाला ठाऊक नव्हते आणि कोणाला त्यांची गरजही वाटली नाही. चाल राहिली, शब्द गळून पडले. पण चाल राहिली ती नुसती तोंडातोंडी नव्हे. दीक्षितांच्या घराण्यातले सुब्बराम दीक्षित यांनी १९०४ साली एट्टयपुरम येथे ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ स्वरलिपीसह छापला आणि पुढच्याच वर्षी नवशिक्यांसाठी जे पुस्तक काढले, त्यात या नोट्टुस्वरांनाही जागा दिली. आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासाला गेले होते, तेव्हा एट्टयपुरमला जाऊन या सुब्बराम दीक्षितांना मुद्दाम भेटले होते. स्वर कागदावर उतरवण्याचे मोल त्यांना ठाऊक होते.

आता थोडे आयर्लंडकडे वळू. तिथल्या चाली जगभर कशा गेल्या, याची कथा आपल्याला शिकण्यासारखी आहे. जुन्या आयर्लंडमध्ये हार्प वाजवणारे वादक सरदार-जमीनदारांच्या वाड्यांतून फिरत. त्यांतले बरेच अंध असत. इंग्रजी राजवटीत जुनी घराणी बुडाली आणि वादकांचा आश्रय गेला. १७९२च्या जुलै महिन्यात बेलफास्ट शहरातल्या काही जाणत्या नागरिकांनी उरलेल्या वादकांना बोलावणे धाडले. साऱ्या देशातून आले किती? दहा. त्यांत सर्वांत वयोवृद्ध होता डेनिस हेम्प्सन. त्याचे वय सत्त्याण्णव सांगत. पितळेच्या तारा नखांनी छेडण्याची जुनी रीत त्याच्याजवळ उरली होती.

या मेळाव्यात एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा चर्चमधला ऑर्गनवादक लेखनिक म्हणून नेमला होता. त्याला सूचना होती, की म्हातारे जे वाजवतील ते जसेच्या तसे उतरून घे, आपल्या पदरचा एक सूर घालू नकोस. त्या कामाने बंटिंग असा झपाटला, की पुढे जन्मभर खेडोपाडी चाली गोळा करीत फिरला आणि १७९६, १८०९ आणि १८४० अशी तीन पुस्तके काढली. त्याच्या पुस्तकांतल्या चाली घेऊन टॉमस मूर या कवीने त्यांवर इंग्रजी गीते लिहिली. ती इतकी गाजली, की पुढे कलकत्त्याच्या ठाकूरवाड्यातला एक मुलगा ती ऐकून वेडावला. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत या आयरिश गीतांविषयी लिहिले आहे आणि १८८१च्या ‘वाल्मीकि प्रतिभा’ या संगीतिकेत विलायती चालींचा वापर केला आहे. काळाने हे ऋण वेगळ्या रीतीने फेडून घेतले. १९१९ साली रवींद्रनाथ मदनपल्लीला गेले असता त्यांनी ‘जन गण मन’ म्हटले, तेव्हा त्याचे स्वरलेखन करणाऱ्या मार्गारेट कझिन्स या संगीताची पदवी घेतलेल्या आयरिश बाई होत्या.

बंटिंगने चाली उतरल्या, पण त्यांचे आयरिश भाषेतले शब्द त्याच्या पुस्तकांतून लोकांपर्यंत फारसे पोचले नाहीत. तंजावरकडे जे झाले तेच तिथेही झाले. चाल राहिली, शब्द मागे पडले.

मग १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि दहा लाखांहून जास्त जहाजांत बसून देश सोडून गेली. ज्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या आजीआजोबांनी सांगितल्या, त्यावरून आपण खानदेशी माणसे याची कल्पना करू शकतो. दुष्काळात माणूस भांडीकुंडी विकतो, गुरे विकतो, पण चाल विकता येत नाही. ती बरोबर जाते. अमेरिकेतल्या शिकागो शहराचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील हे असेच कॉर्क परगण्यातून लहानपणी निघालेले. त्यांच्या कानात शेकडो चाली होत्या, पण स्वरलेखन येत नव्हते. त्यांच्याच आडनावाचा एक सहकारी पोलीस ते जाणत होता. साहेबाने वाजवायचे किंवा गुणगुणायचे आणि त्याने लिहायचे. असे करत, गावोगावच्या आयरिश माणसांकडून गोळा करत, १९०३ साली त्यांनी १,८५० चालींचे पुस्तक छापले. पुढे स्लायगो परगण्याचा मायकेल कोलमन हा फिडलवादक न्यूयॉर्कला गेला आणि तिथे १९२०च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या तबकड्या आयर्लंडच्या खेड्यांत परत आल्या आणि तिथली पोरे त्यांवरून आपल्याच गावच्या चाली पुन्हा शिकली.

आज जगात कुठेही हौशी मंडळी आयरिश संगीत वाजवायला जमतात, तेव्हा ती गोल करून बसतात. पुढे श्रोते नाहीत, व्यासपीठ नाही. कोणीतरी फिडलवर चाल सुरू करतो, ज्याला येते तो बासरी किंवा टिनची शिट्टी घेऊन सामील होतो, ज्याला येत नाही तो ऐकतो आणि पुढच्या वेळी शिकून येतो. त्यांची ‘जिग’ नावाची चाल सहा मात्रांत डोलते, आपल्या दादऱ्यासारखी. ‘रील’ चार-चार मात्रांत पळते, केरव्यासारखी. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘कोल्टस’ या त्यांच्या संस्थेची शाखा जपानमध्येही आहे. मला हे सारे वाचताना एकादशीच्या रात्रीचे आपले भजनी मंडळ आठवते. तिथेही नवा माणूस आला तर त्याची जात, गाव विचारीत नाहीत. हातात टाळ देतात.

मग आपली ओवी, आखाजीचे गाणे जपानमध्ये कोणी का वाजवीत नाही? आपले गाणे कमी प्रतीचे आहे म्हणून? मुळीच नाही. परका माणूस हौसेने शिकायला बसला, तर त्याच्या हाती देण्याजोगी चाल आपण ठेवली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या खानदेशचे सर्वांत मोठे धन म्हणजे बहिणाबाई. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मल्या. लिहिणे-वाचणे ठाऊक नाही. शेतात आणि जात्यावर गाणी सुचत, त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ती कागदावर टिपून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या पुढ्यात गेली. अत्रे भारावून गेले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्या घरच्यांनी ती वही केली नसती, तर आज आपण किती दरिद्री असतो याचा विचारही करवत नाही. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे.

पण त्या वहीत शब्द उतरले. स्वर उतरले नाहीत. उतरणार कसे? घरात स्वरलिपी कोणाला येत होती? आज आपण बहिणाबाईंची गाणी गुणगुणतो, ती नंतरच्या संगीतकारांनी दिलेल्या चालींवर. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना सुंदर चाली दिल्या आणि ती घरोघर गेली. त्या संगीतकारांचे उपकारच आहेत. तरी मनात येते, की जात्याच्या घरघरीबरोबर, पहाटेच्या अंधारात, ती माउली स्वतः कोणत्या सुरात म्हणत असेल? कुठे थांबत असेल, कुठे शेवटचे अक्षर लांबवत असेल? तंजावरकडे चाल राहिली आणि शब्द गेले. असोद्याला शब्द राहिले आणि चाल गेली.

हे बोलताना मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. दोष माझ्या घरातच आहे. माझी आई दळता दळता आणि पुढे दळण गिरणीत जायला लागल्यावर पाळणा हलवता हलवता ओव्या म्हणायची. आखाजीला माहेरी आली की झोक्यावरची गाणी म्हणायची. श्रावणात कानबाईच्या रात्री तर तिला थांबवावे लागे. जळगावला कॉलेजात असताना मला साहित्याचे वेड लागले आणि एका सुटीत मी तिच्यासमोर वही घेऊन बसलो. ती म्हणायची आणि मी लिहायचो. माझ्या लिहिण्याचा वेग कमी म्हणून मी तिला सांगितले, “माय, गाऊ नको, नुसते सांग.” तिने नुसते सांगितले. मधेच ती अडायची. म्हणायची, “गायल्याशिवाय पुढचं सुचत नाही रे.” मी चिडायचो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक टेपरेकॉर्डर होता. तो मागून आणायचा मला संकोच वाटला.

ती वही माझ्याजवळ आहे. ओळी आहेत, पानांवर तारखाही घातल्या आहेत. आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. परवा नातीने विचारले, “आबा, हे कसं म्हणायचं?” मी म्हणायचा प्रयत्न केला. जे बाहेर पडले ते सिनेमातल्या चालीसारखे होते. आईचे नव्हते. मामींच्या मुलीने वाजवलेली दोनशे वर्षांपूर्वीची परदेशी चाल मला अजून पाठ आहे आणि माझ्याच आईची चाल आठवत नाही, हे सांगताना मला आज या ध्वनिक्षेपकासमोरही शरम वाटते.

सगळेच गेले असे मात्र नाही. मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवॅ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने शब्द, आवाज आणि गाणाऱ्या बाईचे नाव अशा तिन्ही गोष्टींसह त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. फ्रान्सच्या माणसाला आपल्या जात्याचा सूर मोलाचा वाटला. आपणही दीक्षितांसारखे मोठ्या मनाचे होऊन त्याचे आभार मानू या आणि त्याच्यासारखे कामालाही लागू या.

आणखी एक गोष्ट. आपल्या लग्नांत वाजणारा बँड हा त्याच किल्ल्यातल्या बँडचा दूरचा वंशज. क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम, साइड ड्रम ही सगळी वाद्ये पलटणीतून आली. खानदेशच्या बँडवाल्यांनी त्यांवर अहिराणी गाणी चढवली आणि ती इतकी आपली केली, की वरातीतल्या म्हाताऱ्यालाही ती परकी वाटत नाहीत. त्यांतल्या जुन्या वादकांना जुन्या चाली येतात, कागदाशिवाय, नुसत्या कानावर. आपण त्यांना वरात पुढे नेण्यासाठी बोलावतो आणि डी.जे. मिळाला की विसरतो. बेलफास्टच्या त्या जाणत्या नागरिकांनी दहा वादकांना बोलावून पुढ्यात बसवले होते, मान दिला होता, मानधन दिले होते. आपल्या तालुक्याच्या गावी एका बँडवाल्याला, एका ओवी म्हणणाऱ्या आजीला असे कधी बसवले आहे का?

धुळ्याला बाडे जपण्याची परंपरा आहे. कागदावरचे अक्षर आपण सांभाळले. आता कानातले सांभाळायचे आहे. त्यासाठी बंटिंगसारखी स्वरलिपी यायलाच हवी असे नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. या आखाजीला घरात जी वडीलधारी बाई असेल, आई, आजी, आत्या, तिच्यासमोर ते ठेवा. तिचे नाव, गाव आणि दिवस आधी मोठ्याने सांगा, म्हणजे पुढे कोणाचा आवाज ते कळेल. शब्द चुकले तर चुकू द्या, खोकला आला तर येऊ द्या, मागे भांडी वाजली तर वाजू द्या.

आणि तिला “नुसते सांग” असे म्हणू नका. तिला गाऊ द्या.